शिंकेला ‘एस’ कुठून आला?

इंग्रजीतल्या छोट्या शब्दांबद्दल एक दावा अधूनमधून फिरत असतो. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लेअर या सगळ्यांत ‘जीएल’ आहे आणि सगळ्यांत उजेड आहे. स्नोअर, स्निफ, स्नॉट, स्नाउट यांत ‘एसएन’ आहे आणि नाक आहे. म्हणजे अक्षरांतच अर्थ दडलेला असतो, असं म्हणे सिद्ध होतं. निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. तो कुठे चुकतो, ते फार मजेशीर आहे.

सोपं प्रकरण आधी उरकू. व्हॉट, व्हेन, व्हेअर, हू हे प्रश्नाचे शब्द ‘डब्ल्यूएच’ने सुरू होतात, आपले काय, केव्हा, कुठे, कोण ‘क’ने. दॅट, देन, देअर यांच्यासमोर तो, तेव्हा, तिथे ठेवून बघा. हा योगायोग नाही. संस्कृत आणि इंग्रजी या दोघींची जी पूर्वज भाषा होती, तिच्यात प्रश्नाचे शब्द ‘क्व’सारख्या ध्वनीने सुरू होत आणि बोट दाखवण्याचे शब्द ‘त’ने. इंग्रजीच्या शाखेत ‘क्व’चा ‘ह्व’ झाला आणि ‘त’चा ‘थ’. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबने १८२२ मध्ये हे बदल नियमात बसवले. थ्री आणि त्रि, थिन आणि तनु, थर्स्ट आणि तृष्णा या जोड्या त्याच नियमातल्या. पण म्हणून ‘डब्ल्यूएच’चा अर्थ ‘प्रश्न’ असा होत नाही. व्हील हा शब्द त्याच ‘क्व’पासून आला आणि तो आपल्या ‘चक्र’चा भाऊबंद आहे, व्हाइटचं नातं ‘श्वेत’शी. (अशा जोड्या दाखवून ‘इंग्रजी संस्कृतातूनच निघाली’ असं सांगणारे लोक बहिणीला आई ठरवत असतात.)

ही झाली वारशाची गोष्ट. ‘एसएन’चं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आणि माझ्या फार आवडीचं आहे.

आज शिंकेला इंग्रजीत ‘स्नीझ’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत शिंकणं या अर्थाचं क्रियापद होतं ‘फ्नेओसान’. सुरुवातीला ‘एफएन’! या जोडाक्षराने सुरू होणारे शब्द इंग्रजीत थोडेच होते आणि पुढे तेही नाहीसे झाले. शिंकेचा शब्द तेवढा वेगवेगळ्या वेषांत तगून राहिला. कुठे पहिला ध्वनी गळून नुसता ‘नीझ’ उरला, तर पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘एस’ लावलेलं रूप दिसू लागलं. याची दोन कारणं सांगतात. एक म्हणजे वाचनातली गफलत. त्या काळी ‘एस’ लांबुडका लिहीत आणि तो ‘एफ’सारखाच दिसे, फरक फक्त मधल्या आडव्या रेघेचा. दुसरं कारण म्हणजे ओढ. नाकाशी संबंधित ‘एसएन’वाले शब्द आधीच बरेच होते आणि हा एकटा पडलेला शब्द त्यांच्यात ओढला गेला. मला दोन्ही एकत्रच पटतात. चूक वाचनातून झाली असेलही, पण ती टिकली कारण ऐकणाऱ्यांना ती बरोबर वाटली.

उलट दिशेनेही हेच घडतं, म्हणजे शब्दाचं रूप साधारण तेच राहतं आणि अर्थ सरकतो. ‘ग्लान्स’चं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या ‘घसरणं’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. आधी तो निसटता बसलेल्या वाराबद्दल वापरत. ओझरत्या नजरेचा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ‘ग्लॅड’ मात्र कळपातून बाहेर पडला. जुन्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ ‘तेजस्वी’ असा होता, आज फक्त ‘आनंदी’.

अशा अक्षरगटांना जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. पण हे गट बोलणाऱ्यांच्या डोक्यात खरोखर असतात, की शब्दकोश चाळणाऱ्यांना भासतात? भाषा आणि मेंदू यांचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन बर्गन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचसाठी होता. पडद्यावर क्षणभर एक शब्द, मग दुसरा. दुसरा खरा शब्द आहे की बनावट, एवढंच झटपट सांगायचं. ग्लिटरनंतर ग्लो आला की उत्तर काही मिलिसेकंद लवकर येतं. नुसती अक्षरं जुळणाऱ्या किंवा नुसता अर्थ जुळणाऱ्या जोड्यांत तेवढा फायदा दिसला नाही. आणखी काही जोड्या अशा होत्या, की त्यांत अक्षरंही जुळत आणि अर्थही, पण तशा शब्दांची संख्याच भाषेत तुटपुंजी. तिथेही फायदा नाही! म्हणजे मेंदू नकळत मोजदाद ठेवतो. इंग्रजी मजकुरात ‘जीएल’ने सुरू होणारे शब्द जितक्या वेळा येतात, त्यांपैकी सुमारे ६० टक्के वेळा ते उजेडाबद्दल किंवा पाहण्याबद्दल असतात. ग्लू आणि ग्लव्ह आहेतच, पण अल्पमतात.

नावात एखादं जादा अक्षर घुसवून नशीब उजळवणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. एकट्या अक्षराच्या अंगी काही नसतं. नाही म्हणायला ‘न’चा थोडा अपवाद आहे. हजारो भाषांची तुलना करणाऱ्या २०१६ मधल्या एका अभ्यासात नाकाच्या नावांमध्ये ‘न’ अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आढळला. ‘न’ म्हणताना हवा नाकातूनच जाते, हे त्याचं उघड कारण असावं. ‘जीएल’च्या उच्चारात उजेडासारखं काहीच नाही.

मराठीत असे कळप शोधायचे तर ‘झ’पासून सुरुवात करावी. झगमग, झळाळी, झळकणं, झगझगीत हा एक कळप. झटका, झडप, झेप, झोका, झुळूक हा दुसरा. झाड आणि झोप मात्र कुठेच बसत नाहीत.