१ नोव्हेंबर : बेळगावसाठी एका तारखेचा इतिहास

१ नोव्हेंबरला बेळगावात दोन मिरवणुका निघतात. लाल-पिवळे ध्वज घेऊन कर्नाटकच्या स्थापना दिनाची, म्हणजे राज्योत्सवाची गर्दी चन्नम्मा चौकाकडे लोटते. दुसरीकडे संभाजी उद्यानापासून काळे कपडे घातलेल्या, दंडाला काळ्या फिती बांधलेल्या मराठी माणसांची निषेध फेरी निघते; त्यांच्यासाठी हा ‘काळा दिवस’. मुले-बाळे घेऊन आलेल्या बायका फेरीत असतात, सायकली हातात धरून चालणारे वृद्धही असतात. तारीख ऐन दिवाळीच्या हंगामात येते. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन आणि काळा दिवस एकाच दिवशी आले.

देशाच्या इतर भागांत या तारखेला काळी किनार नाही. केरळ आणि मध्य प्रदेश याच दिवशी आपला स्थापना दिन साजरा करतात. हरियाणा १९६६ मध्ये, छत्तीसगड २००० मध्ये याच तारखेला अस्तित्वात आले. पुदुच्चेरीचा कारभार फ्रेंचांनी १९५४ साली याच दिवशी भारताच्या हवाली केला. त्याही मागे गेले तर १८५८ साली कंपनीचे राज्य संपून राणीचा जाहीरनामा याच दिवशी वाचला गेला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि त्याच दिवशी मंगळूरला पुढे जगत्सुंदरी झालेली ऐश्वर्या राय जन्मली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मात्र १ नोव्हेंबर म्हटले की १९५६ हेच साल डोळ्यांपुढे येते: त्या दिवशी भाषावार राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले.

मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर, कोडगू अशा ठिकाणी विखुरलेल्या कन्नड माणसाला एक राज्य हवे होते आणि ती मागणी रास्तच होती. तिची पहिली एकीकरण परिषद १९२४ साली बेळगावातच भरली. १९४६ साली मराठी साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, तोही याच शहरात. दोन्ही स्वप्नांना एकाच गावाने जागा दिली होती. गुंता झाला तो सीमा आखण्याच्या पद्धतीमुळे.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात बेळगाव जिल्हा कन्नड राज्यात घालावा असे सुचवले. जिल्ह्यातले बहुतेक तालुके कन्नड, म्हणून जिल्ह्याचे ठिकाणही कारभाराच्या सोयीसाठी त्यांच्याबरोबर जावे, असा त्यामागचा विचार होता. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी बहुसंख्येपेक्षा ही सोय वरचढ ठरली. जिल्ह्याच्या एकूण आकड्यात कन्नड भाषक जास्त होते, हे खरेच. पण जिल्हा तोडायचाच नाही, असा नियम तरी पाळला गेला का? चंदगड तालुका मराठी म्हणून याच बेळगाव जिल्ह्यातून काढून कोल्हापूरला जोडला. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्याकडे आले. दक्षिण कन्नडमधला कासरगोड तालुका केरळात गेला आणि तिथल्या कन्नड माणसांच्या मनात तो सल आजही आहे. ही सगळी वाटणी एकाच कायद्याने, एकाच दिवशी अमलात आली. त्याआधी १९५३ मध्ये बळ्ळारी जिल्ह्याचे तीन तालुके आंध्रात आणि बाकीचे म्हैसूरकडे असे वाटप झालेच होते. म्हणजे तालुका वेगळा काढता येत होता आणि तो काढलाही जात होता. खानापूरला, बेळगावला तोच न्याय का मिळाला नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर इथल्या मराठी माणसाला आजवर मिळालेले नाही.

महाराष्ट्राने पुढे आणखी खालचा घटक धरला: खेडे. त्याच्या जोडीला भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. १९६६ साली नेमलेल्या एकसदस्य महाजन आयोगाने खेड्यांची देवाणघेवाण सुचवली. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच राहावे, असे १९६७ च्या अहवालात म्हटले होते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. कर्नाटक तोच अंतिम मानते. आधी ८१४ आणि पुढे ८६५ गावांचा दावा झाला, आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

न्यायालयात दावा असताना तारखेवर नवे थर चढत गेले. महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केल्यावर २००५ साली महापालिका बरखास्त झाली. २०११ मध्ये महापौर आणि उपमहापौर काळ्या दिनाच्या फेरीत चालले, त्यानंतर पुन्हा बरखास्ती आली. लोकांनी निवडलेल्या सभागृहाला फेरीत चालल्याची ही शिक्षा होती. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची दुसरी इमारत, उभे राहिले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, आणि त्यासाठी दिवस नेमका हाच निवडला गेला. मराठी घरांत, दुकानांत, लग्नपत्रिकांवर ते बेळगावच आहे. २०२० साली महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी काळ्या फिती लावून या दिवसाला पाठिंबा दिला. दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही.