‘कॅलेचे नागरिक’ : एका स्मारकामागचा पत्रव्यवहार

उत्तर फ्रान्समधील कॅले शहराने १८८४ मध्ये स्मारक उभारायचे ठरवले, तेव्हा नगरपालिकेच्या मनात एकच पुतळा होता. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा सुमारे अकरा महिन्यांचा वेढा १३४७ मध्ये संपला, तो शहरातील सहा प्रतिष्ठित नागरिकांनी गळ्यात दोर अडकवून, अनवाणी, शहराच्या चाव्या घेऊन राजापुढे हजर व्हावे या अटीवर. त्यासाठी सर्वांत आधी पुढे आलेला युस्ताश द सँ-पिएर याचा हा पुतळा व्हायचा होता. दाव्हिद दाँजे आणि क्लेझाँजे या शिल्पकारांकडून तो करवून घेण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. आता मात्र घाई होती. जुनी तटबंदी पाडली जात होती आणि कारखानदारीचे सँ-पिएर हे शेजारचे शहर १८८५ मध्ये कॅलेत विलीन होणार होते.

नगराध्यक्ष ओमेर दवाव्रँ आणि शिल्पकार ऑग्यूस्त रोदाँ यांची पत्रे इथून सुरू होतात. बलिदानाला सहा जण निघाले होते, मग स्मारक एकाचेच का, हा रोदाँचा मुद्दा होता. एका पुतळ्याच्या मोबदल्यात सहा पुतळे देण्याची तयारी त्याने दाखवली आणि जानेवारी १८८५ मध्ये १५,००० फ्रँकचा करार झाला.

खरा वाद त्याच वर्षी, रोदाँने शिल्पसमूहाच्या केलेल्या दुसऱ्या छोट्या नमुन्यावरून पेटला. एकाने दोन्ही हातांनी डोके धरलेले, दुसऱ्याने जबडा आवळून भलीमोठी चावी पेललेली, आणि सहाही जण जवळपास एकाच उंचीचे. स्मारकाचे काम पाहणाऱ्या कॅलेतील समितीला ही माणसे खचलेली वाटली. मध्यभागी नायक उंच आणि बाकीचे उतरत्या क्रमाने, अशी पिरॅमिडसारखी रचना तिला हवी होती. रोदाँने उत्तरात ही रचना साफ नाकारली. अशा नाटकी, साचेबंद कलेशी आपले पॅरिसमध्येही वैरच आहे, असे त्याने लिहिले. माझ्या मते हे पत्र साऱ्या पत्रव्यवहाराचा कणा आहे, कारण मरणाला सामोरे जाणाऱ्यांची भीती दाखवल्याने त्यांचे शौर्य उणावत नाही, ही त्याची भूमिका समितीच्या हरकतींमुळेच इतक्या ठामपणे कागदावर उतरली.

पुढे बँका बुडाल्या, वर्गणी आटली आणि काम अनेक वर्षे रखडले. या काळात दवाव्रँ यांनी धरलेल्या चिकाटीचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते. अखेर लॉटरी आणि सरकारी अनुदान यांतून पैसा उभा राहिला.

डिसेंबर १८९३ मध्ये प्रश्न चौथऱ्याचा आला. चौथरा अगदी ठेंगणा असावा, म्हणजे पाहणाऱ्याला त्या सहा जणांच्या प्रसंगात शिरता येईल, असे आपल्याला वाटत होते, हे रोदाँने दवाव्रँ यांना कळवले. नाहीतर तो आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसावा इतका उंच असावा, हा त्याचा दुसरा पर्याय होता. प्रत्यक्षात ३ जून १८९५ रोजी अनावरण झाले, ते मध्यम उंचीच्या, भोवती लोखंडी कठडा असलेल्या चौथऱ्यावर, म्हणजे दोन्ही पर्याय डावलून. रोदाँ १९१७ मध्ये वारला. १९२४ मध्ये कॅलेने हा शिल्पसमूह दुसरीकडे हलवला आणि त्या वेळी त्याला बुटका चौथरा दिला.