बॉम्बरचा पंख का तुटायचा?

युद्धपटांत बॉम्बरच्या टाकीला गोळी लागली रे लागली की विमानाच्या ठिकऱ्या उडतात. प्रत्यक्षात द्रव पेट्रोल जळतच नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच. उबदार हवेत, जमिनीवर उभ्या विमानाच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ठिणगी पडूनही ती पेटत नाही. सहा किलोमीटर उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत मात्र ती विरळ होते आणि मिश्रण नेमकं पेटण्याजोगं होऊ शकतं. थंडीने आगीचा धोका वाढावा, हे मला फार विलक्षण वाटतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरच्या पंखांत सहा टाक्या असत, एकूण सुमारे 9,800 लिटरच्या. अशा टाक्यांवर रबराचं आवरण असे आणि त्यातला एक थर कच्च्या रबराचा. गोळी आरपार गेली की गळणारं पेट्रोल हे रबर शोषून घेई, फुगे आणि भोक आपोआप बुजवून टाके. रायफलच्या गोळीला हा उपाय पुरे. जर्मनांच्या 20 मिलिमीटर तोफेचा गोळा वेगळा होता: पातळ पोलादी कवच, आत ठासून स्फोटक. तो भोक पाडत नसे. आत फुटून दाबाने पत्रा आणि रबर दोन्ही फाडत असे. एवढी फट फुगलेलं रबर कसं सांधणार? पेट्रोल पंखाच्या पोकळीत पसरायचं, तिथे हवा मिळायची आणि आग लागायची. पंखाचा सगळा भार पेलणारी तुळई ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. तो वितळण्याच्या कितीतरी आधी, दोन-तीनशे अंशांतच, ढिला पडतो. मग विमानाला उचलून धरणारं हवेचं बलच पंख मोडून टाकतं. आतल्या सात जणांना उडी मारायला अनेकदा वेळच मिळत नसे.

1943 पासून जर्मन रात्रीच्या लढाऊ विमानांवर तिरक्या, वर रोखलेल्या तोफा आल्या. वैमानिक अंधारातून बॉम्बरच्या पोटाखाली शिरत आणि पंखातल्या टाक्यांवर नेम धरत. कारण पोटातले बॉम्ब फुटले असते तर ते स्वतःही वाचले नसते. बहुतेक लँकेस्टरना खाली पाहणारी तोफ नव्हती.

आकाशात अचानक फुटणारे आगीचे गोळे पाहून ब्रिटिश वैमानिकांत एक वावडी पसरली होती: शत्रू घाबरवायला नुसते बुजगावण्याचे गोळे उडवतो. असा गोळा कधी अस्तित्वातच नव्हता. ती त्यांच्याच सोबत्यांची विमानं होती. 30 मार्च 1944 च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरावर निघालेल्या 795 विमानांपैकी 95 परतली नाहीत. धीर देणारी अफवाही अफवाच असते, आणि खरा धोका खालून येतोय हे तिने झाकून ठेवलं.

जेट विमानांचं इंधन केरोसीनच्या जातीचं, म्हणून तिथे गणित उलटं: ते तापलं की वाफ पेटण्याजोगी होते. 1996 मध्ये न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए 800 हे प्रवासी विमान याच कारणाने फुटलं. आता प्रवासी विमानांच्या टाकीत इंधनावरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजनयुक्त हवा सोडतात, म्हणजे ठिणगी पडली तरी जळायला पुरेसा ऑक्सिजन उरत नाही.