युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून डाळ सोडू नका
आमच्या सोलापुरात युरिक अ‍ॅसिड वाढून कुणाचा पायाचा अंगठा सुजला की पहिला सल्ला ठरलेला, डाळ बंद कर, पालक बंद कर, शेंगाचटणी तर बघूच नको, आणि बिचारा माणूस कोरडी कडक भाकरी चावत बसतो. अहो, डाळ-पालकातल्या प्युरिनने (ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं) गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार, वाढत नाही, असंच अभ्यासात दिसलंय. कमी करायचं ते मटण, त्यातही कलेजी-वजडी, बिअर आणि गोड कोल्ड्रिंक. इथल्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या. पण बरंचसं युरिक अ‍ॅसिड शरीरातच तयार होतं, नुसत्या पथ्याने रक्ताच्या रिपोर्टमध्ये साधारण 1 पॉइंट (mg/dL) उतरतो. गाऊटचे अटॅक वारंवार येत असतील तर युरिक अ‍ॅसिड उतरवणारी अ‍ॅलोप्युरिनॉलसारखी गोळी रोज लागते, रिपोर्टमधलं टार्गेट 6 च्या खाली, आणि दुखणं थांबलं म्हणून डॉक्टरांना न विचारता ती सोडायची नाही, सोडली की पुन्हा चढतं.