फोंदाको (भूमध्य समुद्रावरच्या बंदरांतली वखार)

फोंदाको म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांना राहायला आणि माल ठेवायला दिलेली वखार. राजापूर-सुरतेच्या वखारी आठवल्या तर थोडा अंदाज येईल, फक्त इथे रात्री दार बाहेरून बंद व्हायचं आणि चावी तिथल्या सरकारी माणसाकडे असायची. मूळ शब्द ग्रीक, ‘पांदोकेइऑन’, म्हणजे येईल त्याला आसरा देणारी सराई. त्याचं अरबीत फुंदुक झालं आणि इटालियनमध्ये फोंदाको.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांच्या काळातलं अलेक्झांड्रिया बंदर. व्हेनिसवाल्यांचे तिथे दोन फोंदाको होते, इटलीतल्या जिनोआच्या आणि स्पेनकडच्या कॅटलान लोकांचेही होते. मधे मोठं अंगण, तिथे गाठोडी बांधायची-सोडायची, खाली कोठारं, वर राहायच्या खोल्या, आत प्रार्थनेची जागा, पावाची भट्टी, शिवाय वाईनलाही परवानगी. रात्री आणि शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी दार बंद. हे वाचून कैद वाटते, पण दंगा झाला किंवा चोर आले तर तेच दार व्यापाऱ्याला वाचवायचं, आणि सुलतानाला जकात चुकवून माल बाहेर जाणार नाही याची खात्री मिळायची, म्हणून ही सोय दोघांनाही शतकानुशतकं चालली असं मला वाटतं. १४८३ मध्ये तिथे गेलेल्या फेलिक्स फाब्री या जर्मन यात्रेकरूने तर व्हेनिसच्या फोंदाकोच्या अंगणात फिरणारं डुक्कर पाहिल्याचं लिहून ठेवलंय!

हा सगळा खटाटोप मुख्यतः मिरीसाठी. मलबारची मिरी एडन, जेद्दा करत तांबड्या समुद्रातून कैरोला यायची, मग नाईलमधून होडीने अलेक्झांड्रियाला, आणि प्रत्येक टप्प्यावर कर. १२९१ ला अक्का (Acre) हे ख्रिस्ती क्रूसेडरांचं बंदर मामलुकांनी जिंकल्यावर पोपने मामलुकांशी व्यापारावर बंदी घातली होती, पण १३४५ पासून व्हेनिसची गलबतं परत अधिकृतपणे तिथे जायला लागली. पुढे सुलतान बार्सबायने (१४२२-१४३८) मिरीचा व्यापार स्वतःच्या हातात घेतला आणि भाव तो ठरवू लागला, मग व्हेनिसच्या कॉन्सुलचं (तिथल्या व्हेनिसवाल्यांच्या प्रमुखाचं) निम्मं काम भांडणं मिटवण्याचंच!

व्हेनिसने घरीही हाच प्रकार केला. रिआल्टो पुलाजवळ १२२८ पासून जर्मन व्यापाऱ्यांसाठी ‘फोंदाको देई तेदेस्की’ होता, त्यांनी तिथेच राहायचं, तिथेच सौदे करायचे. १५०५ ला तो जळाला, १५०८ पर्यंत नवा बांधला, ती बिल्डिंग अजून उभी आहे.