जुना मदरबोर्ड 'गेला' म्हणण्याआधी कपॅसिटर बघा

थंड पडलेला जुना पीसी सुरूच होत नाही, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, चार-पाच वेळा बटण दाबलं की कसाबसा उठतो आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतो. यावर ठरलेलं निदान म्हणजे "बोर्ड गेला" नाहीतर "व्हायरस असेल, फॉरमॅट मार". अहो, विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही, फॉरमॅटने काय होणार!

आधी रॅम काढून परत नीट बसवा, दुसरा पॉवर सप्लाय लावून बघा. तरी तेच असेल तर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांवर टॉर्च मारा. हे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि खरी गंमत इथेच आहे.

सप्लायकडून येतात 12 व्होल्ट, प्रोसेसरला लागतात जेमतेम दीड. मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि कॉइल-कपॅसिटर मिळून त्या धक्क्यांचा सपाट डीसी करतात. 80 वॅटचा प्रोसेसर 1.4 व्होल्टवर साधारण 57 अँपिअर ओढतो, तेही क्षणात कमी क्षणात जास्त. कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या फॉइलची गुंडाळी आणि मध्ये इलेक्ट्रोलाइटने भिजलेला कागद, तो इलेक्ट्रोलाइट सुकला की आतला रोध वाढतो, त्याला ईएसआर म्हणतात. समजा करंट 10 अँपिअरने वरखाली होतोय आणि सगळ्या कपॅसिटरचा मिळून रोध 5 मिलिओहम आहे, तर व्होल्टेज 0.05 ने हलेल, चालून जातं. रोध 50 मिलिओहम झाला की थेट अर्धा व्होल्ट, म्हणजे 1.4 मधला तिसरा हिस्सा! वर त्याच रोधामुळे कपॅसिटर तापतो आणि तापला की आणखी लवकर सुकतो.

थंड इलेक्ट्रोलाइटमध्ये आयन सावकाश सरकतात, म्हणून थंड असताना ईएसआर सगळ्यात जास्त, थोडं गरम झालं की उतरतो आणि पीसी उठतो. "बोर्ड ओव्हनमध्ये भाजा, जिवंत होतो" असले व्हिडिओ बघून कृपया काही करू नका, या कपॅसिटरची मर्यादाच बहुतेक 105 अंश असते, 200 अंशात उरलेसुरलेही संपतील.

2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर प्रचंड संख्येने बोर्डांवर बसले, त्यात ॲल्युमिनियमशी रिॲक्शन होऊन हायड्रोजन तयार व्हायचा. डोक्यावरच्या खाचा त्यासाठीच असतात, दाब वाढला की तिथून फुटावं म्हणून. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकटा दिसला तर तो बदलायचाच. पण सपाट डोकं म्हणजे चांगला असं नाही, मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड, म्हणजे कपॅसिटरची साठवणक्षमता, बरोबर येऊनही ईएसआर वाढलेला असू शकतो, त्याला ईएसआर मीटरच लागतो.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, लो-ईएसआर, 105 अंशवाला घ्या. काढण्याआधी फोटो काढा, कारण बोर्डावरचा रंगवलेला अर्धा भाग काही ठिकाणी मायनस दाखवतो तर काही ठिकाणी प्लस. ग्राउंडची पिन पटकन सुटत नाही, आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, 25 वॅटची सोल्डरिंग गन तिथे पुरत नाही. 60 वॅटची घ्या, थोडं ताजं सोल्डर घाला आणि पूर्ण वितळेपर्यंत ओढू नका, नाहीतर भोकातलं तांबं पिनेबरोबर बाहेर येतं.