फ्रोझन बटरक्रीम ट्रान्सफर

केकवर थेट चित्र न काढता ते आधी कागदावर बटरक्रीमने (बटर आणि साखर फेटून केलेल्या आयसिंगने) उलटे काढायचे, फ्रीझरमध्ये कडक करायचे आणि अखंड उचलून केकवर उपडे ठेवायचे, अशी सजावटीची पद्धत. अमेरिकेतील घरगुती केक-कलाकारांमध्ये ती विशेष रुळली असून तिकडे तिला आद्याक्षरांनी ‘एफबीसीटी’ म्हणतात. मुलांच्या वाढदिवसाच्या केकवरची कार्टून पात्रे, शाळांची बोधचिन्हे, खेळाच्या संघांची चिन्हे हे तिचे नेहमीचे विषय. छापील चित्र गिरवायचे असल्याने चित्रकलेचा हात नसला तरी चालते. लागते ते क्रमाचे भान, आणि नवशिक्याची गाडी अडते तीही तिथेच.

बटरक्रीम : या कामासाठी बहुधा साधे अमेरिकन बटरक्रीम वापरतात. बटरच्या दुप्पट वजनाची आयसिंग शुगर, म्हणजे २२५ ग्रॅम बटरला सुमारे ४५० ग्रॅम, आणि सैल करण्यापुरते दोन-तीन चमचे दूध. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेला भाग बहुतेक पाणीच. त्या पाण्यात साखर इतकी विरघळते की घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंश सेल्सिअसलाही ते बर्फासारखे गोठत नाही. चित्राला कडकपणा येतो तो चरबी थिजल्यामुळे. म्हणूनच कोणती चरबी वापरली, यावर बरेच काही ठरते.

बटर ३२ ते ३५ अंशांना वितळते, पण थंडीत खणखणीत कडक होते आणि कागद स्वच्छ सोडते. शॉर्टनिंगचे, म्हणजे वनस्पती तुपासारख्या घट्ट चरबीचे, उलटे आहे. ते उन्हाळा सोसते, पण फ्रीझरमध्ये तितके घट्ट होत नाही, त्यामुळे कागद काढताना रेषा ओढल्या जातात. अमेरिकेत १९११ साली बाजारात आलेले क्रिस्को हे शॉर्टनिंग केकवाल्यांचे अनेक दशके हुकमी साधन होते. २००७ मध्ये ट्रान्स फॅट कमी करण्यासाठी त्याचे घटक बदलले, तेव्हा आयसिंग पूर्वीसारखे जमत नाही अशी कुरकुर बरीच झाली. निम्मे बटर, निम्मे शॉर्टनिंग हा मध्यम मार्ग बहुतेकांना मानवतो. घरी कढवायला काढून ठेवलेले पांढरे लोणी इथे उपयोगाचे नाही, कारण त्यात पाणी किती राहिले आहे याचा भरवसा नसतो. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेल्या स्विस मेरँग बटरक्रीमनेही चित्र उत्तम उठते, पण त्यावर साखरेचा सुका पापुद्रा धरत नसल्याने बोटांचे ठसे चटकन उमटतात.

उलटा क्रम : चित्र आरशात दिसते तसे उलटे छापून घेतात, पाठ टणक असलेल्या ट्रेवर किंवा काचेवर चिकटवतात आणि त्यावर पार्चमेंट (बेकिंगचा न चिकटणारा कागद), मेणकागद किंवा पारदर्शक ॲसिटेट (प्लास्टिकची पातळ शीट) ताणून बसवतात. कागदाला सुरकुती राहिली तर ती चित्रात जशीच्या तशी उतरते. ॲसिटेटवर हा त्रास नसतो आणि पृष्ठभागही तुळतुळीत निघतो.

कागदाला टेकलेली बाजू शेवटी वर येणार असते. त्यामुळे जे सर्वांत पुढे दिसायचे ते सर्वांत आधी काढावे लागते. काचेच्या मागून रंगवलेल्या चित्रांचे हेच तंत्र आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी काचचित्रे पाहायला मिळतात. तिथेही चित्रकाराने दागिना आधी रंगवलेला असतो आणि गळा नंतर.

एक डोळा काढायचा झाला तरी हे कळते. बुबुळावरचा पांढरा चमकता ठिपका पहिला. तो फ्रीझरमध्ये पाचेक मिनिटे घट्ट होऊ द्यायचा. मग त्याच्यावर काळी बाहुली, तिच्याभोवती तपकिरी किंवा निळा रंग, मग डोळ्याचा पांढरा भाग आणि त्यानंतर चेहऱ्याचा रंग. ठिपका विसरला तर नंतर मागून घालता येत नाही. केकवर चित्र बसल्यावर वरून टिकली लावावी लागते, आणि ती उठून दिसते.

बाह्यरेषा दोन किंवा तीन नंबरच्या गोल नोझलने, जरा घट्ट बटरक्रीमने काढतात. दहा मिनिटे थंड केल्यावर रेषांमधले रंग भरतात, ते थोडे सैल असलेले बरे. इथे हात सैल सोडला की पोकळ्या राहतात. वरून भरलेले दिसते, पण रेषेला लागून हवा अडकलेली असते आणि चित्र उलटल्यावर तिथे खळगे निघतात. छोट्या पॅलेट नाईफने किंवा ब्रशने रंग रेषेशी दाबत जावे. ॲसिटेट असेल तर ते उचलून खालून डोकावावे. शेवटी सगळ्या चित्राच्या पाठीवर केकच्या रंगाच्या बटरक्रीमचा एकसंध थर देतात. एकूण जाडी पाच-सहा मिलिमीटर तरी हवी. त्याहून पातळ चित्र उचलताना मोडते. पाठीचा थर बाह्यरेषेबाहेर जाऊ देऊ नये, नाहीतर चित्राला नको असलेली किनार दिसते.

काळा आणि लाल हे दोन रंग डोकेदुखीचे. पांढऱ्या बटरक्रीममध्ये काळा रंग ओतत गेले तर ते करडेच राहते आणि कडू लागते. चॉकलेट बटरक्रीमपासून सुरुवात केली तर थोड्या रंगात काम होते. दोन्ही रंग काही तास ठेवल्यावर गडद होतात, म्हणून आदल्या दिवशी कालवलेले चांगले.

अक्षरे मात्र या पद्धतीला फारशी मानवत नाहीत. देवनागरीत तर उलटी वेलांटी आणि उलटा रफार गिरवताना अनुभवी हातही गोंधळतो. नाव नंतर केकवरच सरळ लिहिलेले बरे.

केकवर बसवणे : चित्र निदान दोन-तीन तास, शक्य तर रात्रभर फ्रीझरमध्ये राहू द्यावे. केकवर आयसिंग आधीच सपाट करून ठेवलेले असावे. जागा खुणेने ठरवूनच चित्र बाहेर काढायचे, कारण हाताशी असतात ती एक-दोन मिनिटे; बारीक रेषा सगळ्यात आधी मऊ पडतात. चित्र कागदासकट तळहातावर किंवा पुठ्ठ्यावर उपडे घेऊन खाली ठेवतात, हलकेच दाबतात आणि कागद एका कोपऱ्यातून, केकच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवत मागे सोलतात. वर उचलून ओढला तर रेषाही सोबत येते. कुठे चिकटलाच, तर ओढाताण न करता पूर्ण केक दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा. केकवरच्या आयसिंगला पापुद्रा धरला असेल तर चित्राखाली ताज्या बटरक्रीमचा एक हात द्यावा लागतो. कडेची फट लपवायला नोझलने छोटे ठिपके किंवा वेणी घालतात. पुष्कळ केकवर चित्राभोवती दिसणारी ती नक्षी खरे तर डागडुजीच असते.

यानंतरचा खरा शत्रू वितळणे नव्हे, दव. गार चित्रावर हवेतील बाष्पाचे थेंब जमतात, आणि खाण्याचे बहुतेक रंग पाण्यात विरघळणारे असल्याने काळी रेषा शेजारच्या पिवळ्यात उतरते. थेंब टिपायला जाऊ नये. पुसले की रंग फासलाच. केक बंद खोक्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला तर चित्र सावकाश सामान्य तापमानाकडे येते आणि बरेचसे पाणी खोक्यावर जमते. जुलैच्या मुंबईत किंवा कोकणात ही खबरदारी सोडता येत नाही. विदर्भाच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, पण तिथे बटरच टिकत नाही, म्हणून शॉर्टनिंगचे प्रमाण वाढवावे लागते. आपल्याकडे घरगुती केकवर बहुधा व्हिप क्रीम असते; त्या हलक्या थरावर हे जड चित्र दाबले की रुतते, म्हणून नुसते टेकवावे.

इतर पद्धती : रॉयल आयसिंगची (अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगर यांच्या मिश्रणाची) सुकवलेली चित्रे टणक व टिकाऊ असतात, पण बटरक्रीमच्या ओलाव्याने हळूहळू मऊ पडतात. वितळलेल्या रंगीत चॉकलेट कंपाउंडनेही याच उलट्या क्रमाने चित्र काढता येते. ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहते, मात्र सुरीखाली तडकते. खाद्य शाईने छापलेल्या शीटमुळे आता छायाचित्रासारखी प्रतिमा काही मिनिटांत केकवर येते, आणि चेहऱ्याच्या छटा हव्या असतील तर तोच मार्ग योग्य. मोजके सपाट रंग आणि ठसठशीत रेषा असलेल्या चित्राला मात्र बटरक्रीमच शोभते, आणि खाणाऱ्याला वर वेगळा पापुद्रा सोलून ठेवावा लागत नाही.